प्राचार्यबाईंच्या टेबलाखालची परीक्षा

ती. स्व. दाजी यांस,

साष्टांग नमस्कार. (कालपासून कंबर धरली आहे, त्यामुळे तो खुर्चीत बसूनच घालतो आहे; गोड मानून घ्यावा.) तुमचा खोकला कसा आहे? ताईचे गुडघे काय म्हणतात? इकडे सर्व ठीक. जे बिघडलं आहे ते मीच बिघडवलं आहे.

तेच सांगायला बसलो आहे. आमच्या संध्याकाळच्या कॉलेजात कॉम्प्युटर आणि नेटवर्क शिकायला येतात ती सगळी दिवसभर राबून आलेली माणसं. एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, एक टॅक्सीवाले काका आहेत. (काका वर्गात झोपतात, पण जागे झाले की नेमका अडचणीचा प्रश्न विचारतात.) कुठलीच कंपनी त्यांना आपल्या मशीनला हात लावू देईना. म्हणून मी रोज वर्गाआधी येऊन लॅबमधले कॉम्प्युटर बिघडवून ठेवतो. कुठे वायर सैल कर, कुठे सेटिंग चुकव. ते दुरुस्त करतात, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बिघडवतो. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही बिघडवलेलं नाही. पण थकलो हो दाजी.

काल परीक्षा होती. बाहेरून परीक्षक येणार म्हणून दुपारभर खपून एकेक मशीन बिघडवलं आणि चहाला गेलो. तेवढ्यात प्राचार्यबाई लॅबमध्ये डोकावल्या, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली आणि त्यांनी तातडीने दुरुस्तीवाला बोलावला. मी परत येतो तो सगळे कॉम्प्युटर ठणठणीत! वर प्रत्येकाला सील. हात लावला तर हमी गेली. परीक्षक म्हणाले, "मग मी तपासू काय?"

सील नसलेलं एकच मशीन उरलं होतं, खुद्द प्राचार्यबाईंचं. त्यावर त्यांची वरिष्ठांबरोबर ऑनलाइन बैठक चालू होती (विषय: आपल्या विद्यार्थ्यांना नोकऱ्या का मिळत नाहीत). मी खुणेने परवानगी मागितली, त्यांनी हसून मान हलवली. (ती मान वरिष्ठांसाठी होती, हे मागाहून कळलं.) मी टेबलाखाली शिरलो. मी बिघडवायचं, एकाने दुरुस्त करायचं, मी पुन्हा बिघडवायचं. दर वेळी बैठक तुटायची आणि प्राचार्यबाई "तर मी काय म्हणत होते" इथून सुरुवात करत होत्या. काकांनी टॉर्च दातात धरून काम केलं. शिवणकामवाल्या बाईंनी तर इतक्या झटकन जोडणी केली की वरिष्ठांना काही झाल्याचं कळलंच नाही. सगळे पास झाले. मला उभं करायला दोघं लागले.

आज सकाळी त्याच शिवणकामवाल्या बाई नोकरीची एक जाहिरात घेऊन आल्या. जागा नवशिक्यांसाठी, आणि अट तीन वर्षांच्या अनुभवाची. म्हणाल्या, "सर, टेबलाखालचा अनुभव धरतात का हो?" मला फार वाईट वाटलं.

तुमचा,
वाकलेला मेहुणा

ता. क. कंबरेचं ताईला सांगू नये.

ता. क. आणखी एक. ती जाहिरात तुमच्याच कंपनीची आहे, खाली सही तुमची आहे. तुम्ही तिथे लागलात त्या दिवशी कॉम्प्युटर चालू कुठून करायचा हे मला फोन करून विचारलं होतंत. हेही मी ताईला अजून सांगितलेलं नाही. बाई सोमवारी तुमच्या ऑफिसात येत आहेत. तुमचं मशीन नीट चालत असेल, तर कृपया बिघडवून ठेवावं.