शिशाच्या गोळ्या, पितळेचे कडे आणि माझे शहाणपण

मी, परशुराम सोनू शेट्ये, वय एकाहत्तर, धंदा काजूबागायत आणि हंगामात फेणीची भट्टी, राहणार कोरगाव, तालुका पेडणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल घरात मतभेद आहेत. माझा मुलगा सतीश मुरगाव बंदरात कारकून आहे. रविवारी स्कूटरवरून येतो आणि माझ्या तब्येतीपेक्षा बागेच्या हद्दी बारकाईने पाहतो. त्याचे म्हणणे असे की बाबांचे डोके फिरले आहे. पुरावा काय, तर बाबा दुपारभर पडवीत बसून शिशाच्या गोळ्या पितळेच्या कड्यातून ढकलतात. तेव्हा आधी पुराव्याचा निकाल लावतो, मग मालमत्तेकडे वळतो.

नुकतेच गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. आपला कारभार आपण चालवण्याइतकी अक्कल आम्हांला आहे, हे दिल्लीने मान्य केले. सतीशने माझ्या बाबतीत तेवढे मान्य करावे, एवढीच अपेक्षा होती. राजभाषा कोकणी झाली तरी हे मृत्युपत्र मी मराठीत करतो. सांगताना काही शिव्या कोकणीत निघाल्या, त्या नोटरीसाहेबांनी उतरवून घेतल्या नाहीत.

कलम पहिले, गोळ्यांबद्दल. काजू धरले की माकडे येतात. माकडाला मारणे आमच्यात पाप, म्हणून झाडांवर पत्र्याचे डबे टांगायचे आणि छऱ्याच्या बंदुकीने डब्यावर नेम धरायचा. डबा वाजला की माकडे पळतात. नेम चुकला तर एक तर माकडाला लागते, नाहीतर कोणालाच लागत नाही आणि माकडे निवांत खात बसतात.

गोळ्या मी घरी ओततो. शिसे केरीच्या पांडुरंगाकडचे, मासे धरण्याच्या जुन्या जाळ्यांना लावलेल्या वजनांचे, मऊ. पण साच्यातून निघालेल्या दोन गोळ्या कधी सारख्या नसतात. शिसे जास्त तापले, साचा नीट मिटला नाही, की एक जाड आणि एक बारीक. या बंदुकीत दारू नाही, स्प्रिंगने दाबलेली मूठभर हवा आहे. गोळी बारीक असली तर हवा बाजूने निसटते आणि गोळी हेलकावत जाते. जाड असली तर नळीत अडकत अडकत निघते, जोर वाटेतच संपतो आणि डब्याच्या खाली हातभर मातीत रुतते. म्हणून प्रत्येक गोळी मापाच्या कड्यातून ढकलायची, म्हणजे सगळ्या एका अंगाच्या होतात. अंगठ्याने दाबल्यावर किंचित कुरकुरत नळीत बसली, की ती बरोबर. याला वेड म्हणत असतील तर शिंपी माप घेतो, त्यालाही इस्पितळात न्यावे.

कलम दुसरे, गेल्या हंगामाबद्दल, कारण पुढची वाटणी त्यावरच झाली आहे. यंदा माझी एकही गोळी डब्याला लागेना. सगळ्या खाली जात होत्या. माकडांनी बाग स्वतःची समजून खाल्ली. सतीशने मला म्हापशाला नेऊन जाड भिंगांचा चष्मा करून आणला. तो लावल्यावर माकडे मोठी दिसू लागली, एवढाच फरक पडला.

मग तो समजुतीने बोलू लागला. "बाबा, आतां पुरो. तुमकां दिसना, हात कांपता. बाग विकया, म्हज्या बरोबर वास्कोक चलात." किनाऱ्याकडचा एक हॉटेलवाला त्याने आधीच गाठला होता. बाग तोडून तिथे पाहुण्यांसाठी बंगल्या होणार होत्या. आणि मला, ज्याने ती झाडे लावली, बंदराकडे तोंड करून बसायला एक खुर्ची मिळणार होती.

इथे खरे ते लिहितो. माझा त्याच्यावर विश्वास बसला. म्हातारपण आले, डोळे गेले, आता डोके जाईल, असे मलाच वाटू लागले. बाग जाण्याचे दुःख होते, पण आपणच आपल्याला नकोसे होणे त्याहून वाईट. मे महिन्यात कराराचा कागद घेऊन तो आला तेव्हा मी सहीसाठी पेन मागितले होते.

त्या दिवशी माझी मुलगी वर्षा डिचोलीहून सुट्टीला आली होती. ती तिथे शाळेत शिकवते. लहानपणी माझ्या शेजारी बसून तिनेच गोळ्या ढकलल्या आहेत. तिने सहज एक गोळी कड्यात घातली आणि ती पलीकडे टपकन पडली. तिने दुसरी घातली. मग म्हणाली, "बाबा, तुमचे दोळे बरे आसात. हें कडें व्हड जालां."

कडे आपोआप मोठे होत नाही. चौकशी झाली. सतीशची बायको दीपा, जी इथे माझ्याच घरी राहते, दारात उभी होती, ती भाबडेपणाने म्हणाली, "हांवेंच घासलें. खंडेनवमीक पुजेक दवरिल्लें मू, मागीर देवाच्या भांड्यांत काळें कशें दवरपाचें?"

खंडेनवमीला आम्ही बंदूक आणि कडे पूजतो. गेल्या वर्षी पूजेनंतर कडे देव्हाऱ्यातल्या समया-निरांजनांत मिसळले. तिथून मी ते रोज उचलत होतो आणि परत तिथेच ठेवत होतो. बाई दर गुरुवारी ते चिंच आणि रांगोळी लावून, भोकात नारळाचे सोडण फिरवून आतून-बाहेरून लख्ख करत होती. मी त्या चकाकीचे कौतुकही केले होते. गोळी ढकलायला जोर कमी लागू लागला, तेव्हा मला वाटले तब्येत सुधारते आहे.

वर्षाने डिचोलीच्या एका लेथवाल्याकडून नवे कडे कातून आणले. त्यातून काढलेल्या पहिल्याच गोळीने, चष्मा न लावता, मी सतीशच्या देखत डबा वाजवला. त्याने करार घडी करून खिशात घातला आणि वारा नव्हता म्हणून लागली, असे मत दिले.

कलम तिसरे, वाटणी. पोर्तुगीज गेले, पण त्यांचा कायदा राहिला. त्यानुसार अर्धी मालमत्ता मुलांच्या हक्काची, ती मला हलवता येत नाही. माझी पत्नी रुक्मिणी हयात नाही, तिच्या हिश्शाची वाटणी मागेच झाली. तेव्हा घर आणि भट्टी दोघा मुलांची. सतीशने आपल्या अर्ध्या घरात सुखाने राहावे, तिथून बाग छान दिसते.

माझ्या हाती असलेल्या अर्ध्यातून काजूची बाग, बंदूक, साचा आणि नवे कडे वर्षाला. बाग विकायची की ठेवायची, हे तिचे तिने ठरवावे. चष्मा सतीशला. दीपाबद्दल माझ्या मनात राग नाही, घरात मनापासून काम करणारी ती एकटीच. जुने कडे तिला, हवे तितके घासावे.

कलम चौथे. मी हे लिहिताना वेडा होतो असा दावा ज्याला करायचा असेल, त्याने स्वतः ओतलेल्या, स्वतः मापात काढलेल्या गोळीने आधी एक डबा वाजवून दाखवावा.

शेवटचे कलम. मृत्युपत्रात जिवंतपणीची व्यवस्था लिहीत नाहीत, असे नोटरीसाहेब म्हणाले. मी म्हटले, फी तेवढीच असेल तर लिहा. एक दिवस माझा नेम खरोखरच जाईल, नावेही विसरेन. त्या दिवशी वर्षाने आधी कडे तपासावे. कडे बरोबर निघाले, तर माझ्या शेजारी बसून तसे मला सांगावे. तिने सांगितले तर मी ऐकेन.

वाचून दाखवले, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

(सही) परशुराम सोनू शेट्ये

साक्षीदार:
पांडुरंग केरकर, राहणार केरी. (सही)
विठ्ठल गवस, भट्टीवरचा, मूळ दोडामार्ग. (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: पेडणे
दिनांक: ८ जून १९८७