माझ्या गाडीचे नऊ टन

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज कळलं — कंपनीत पहिला नंबर माझा! कामात न्हवे, धुरात!

ऑफिसात नव्या मॅडम आल्यात, इरावती मॅडम. आमची सोलरची कंपनी हवेत किती कार्बन सोडते ते मोजायला. मला हसूच आलं. लोकांच्या छपरावर पॅनेल बसवणारे आम्ही, आमचा कसला धूर? तर मॅडमनी भिंतीवर कागद लावला. सगळ्या कंपनीचे वर्षाला तीस टन. त्यातले नऊ एकट्या माझ्या पिकअपचे! पिराजीच्या पिकअपचे आठ. उरलेल्यात ऑफिसची वीज, जनरेटर, इंजिनिअर लोकांच्या गाड्या.

पिराजी सगळ्यांसमोर ओरडला, "ईरप्पाआण्णा, पेढं काढा की!"

७ जानेवारी

मॅडमना विचारलं — लिटरभर डिझेल किलोभरसुद्धा भरत न्हाय, मग तुमच्या हिशोबात त्यातनं पावणेतीन किलो धूर कसा निघतोय? म्हणाल्या, जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन चिकटतो, त्याचं वजन. एकवीस वर्षं स्टेअरिंग धरलं, हे कुणी सांगितलं न्हाय.

घरी शिवम्माला सांगितलं. म्हणाली, "तुमचा धूर मोजायला पगारी बाई ठेवलीया व्हय? माझ्या चुलीकडं नका आणू तिला!"

१८ जानेवारी

राजशेखर सरांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. कंपनी सरांचीच. म्हणाले, २०३० पर्यंत आपला धूर निम्मा करायचा. विजेच्या गाड्या घेऊ, पण त्याला वेळ लागणार. तोवर कुणाला काय सुचतंय?

माझा हात कसा वर गेला देव जाणे.

"सर, काल मी शिरोळला गेलतो आणि पिराजी जयसिंगपूरला. रस्ता एकच की! दोन गाड्या कशाला? आणि पॅनेल धुवायला टाकीभर पाणी इथनं भरून नेतोय. शिरोळला! कृष्णाकाठच्या माणसाला पाणी नेऊन देतोय आम्ही!"

मॅडम हसून टेबलावर वाकल्या. सर हसले न्हाईत. म्हणाले, "मग एवढी वर्षं बोलला का न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाय, सर."

३ फेब्रुवारी

आजपासून माझा तक्ता चालू. कुठल्या वारी कुठल्या बाजूला गाडी जाणार, ते मी ठरवणार. मी! सोमवारी कळंबा आणि त्या अंगाची गावं, गुरुवारी शिरोळ-जयसिंगपूरकडं, असं.

इंजिनिअर गुरुप्रसाद जयसिंगपूरला गेला आणि बोल्टांची पिशवी ऑफिसातच विसरला. फोन — "ईरप्पा, गाडी काढ, लगेच ये!"

मी म्हटलं, "गुरुवारी."

फोनवर जे ऐकलं ते इथं लिहीत न्हाय. मॅडमनी फोन माझ्या हातातनं घेतला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "गुरुवारी." शेवटी त्यानं तिथल्याच दुकानातनं बोल्ट घेतले.

१२ फेब्रुवारी

आज गाडी हललीच न्हाय. धुतली. पुसली. परत धुतली.

१ मार्च

महिन्याचा आकडा आला. दोन्ही गाड्या मिळून निम्म्याहून कमी पळाल्या! एक पॅनेल अडलं न्हाय, एक गिऱ्हाईक ओरडलं न्हाय. सरांनी नारळ दिला, टाळ्या झाल्या. गुरुप्रसादनंसुद्धा वाजवल्या — हळू, पण वाजवल्या. मॅडमनी अहवालात लिहिलंय, 'ईरप्पा यांचा तक्ता'. माझं नाव छापून येणार! शिवम्मानं बासुंदी केली. दोन वाट्या खाल्ल्या.

२० मार्च

सरांनी आत बोलावलं. दार लावायला सांगितलं.

"ईरप्पा, तुझ्या तक्त्यानं एक गाडी मोकळीच उभी राहतीय. एप्रिलपासून ती काढतोय. ड्रायव्हर पण एकच ठेवणार. तू काळजी करू नकोस, तू राहणार. पिराजीला मी महिनाअखेरीला सांगतो."

बाहेर आलो. पिराजी बॉनेट उघडून शीळ घालत होता. "काय आण्णा, बढती व्हय?"

"बघू," म्हटलं. घाटात गाडी मागं घ्यायला त्याला मीच शिकवलं. आणि त्याला घरी बसवणारा तक्ताही मीच केला. माझ्या हातानं! ताटातली भाकरी तशीच राहिली.

२१ मार्च

शिवम्माला सगळं सांगितलं. ती शेंगा निवडत होती. सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "पिराजीला गाडीबिगर काय येतंय?"

"काय न्हाय."

"आणि तुम्हास्नी?"

मी म्हटलं, मला तरी काय येतंय! पण दिवसभर तेच डोक्यात. बारा वर्षं पॅनेलवाल्यांना सोडतोय. ते वर काम करतात, मी खाली उभा राहून बघतो. कुठली वायर कुठं जाते, कुठलं पॅनेल सावलीनं मार खातंय — न चढताच कळतं मला. गेल्या पावसाळ्यात दोन बिघाड मीच खालनं ओरडून दाखवले होते.

उद्या सरांना भेटायचं.

३ एप्रिल

जयसिंगपूरला जाताना गाडी पिराजी चालवत होता. मी डाव्या बाजूला, मांडीवर हेल्मेट. एक तारखेपासून तिकडची पॅनेल धुणं-तपासणं माझ्याकडं. सरांनी तीनदा विचारलं, गाडी पिराजीला नक्की देतोस? मी तीनदा व्हय म्हणालो. पिराजीला वाटतंय आण्णांना स्टेअरिंगचा कंटाळा आला. वाटू दे!

चौकात त्यानं गाडी हळू केली. "बोला पावणं, कुठं सोडू?"

"छपरावर!"