गुरुवारची रात्र

११ मार्च २०२४, सोमवार

ह्यांना सगळं पाठ झालंय. मुंबई ते न्यूअर्क साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास. दूधवाल्यालाही सांगून झालं! मला एवढंच कळतं — शनिवारी ऋजुताचं सिझेरियन आहे आणि त्याआधी मला लेकीजवळ पोहोचायचंय. मागच्या वेळी बाळ जन्मलं, पण रडलंच नाही. तेव्हा फोनवर म्हणाली होती, "आई, तू असतीस तर..."

१२ मार्च

शेजारच्या द्वारकाबाईंनी डिंकाचे लाडू दिले. "वहिनी, लई लांब हाय का वो? मला तर खुलताबादहून इथवर येतानाच मळमळतं." मी तरी कुठं विमानात बसलेय!

१३ मार्च, बुधवार

तिकीट पुन्हा वाचलं. गुरुवार १४ मार्च, रात्री एक. म्हटलं, अहो, म्हणजे आज रात्रीच नव्हे ना? झालं, भडकले. "सूर्य उगवल्याशिवाय वार बदलत नाही. चाळीस वर्षं पंचांग बघतोय मी." चिकलठाण्याहून मुंबईचं विमानही उद्या संध्याकाळचंच काढलंय. मी तिकीट पर्समध्ये ठेवलं. एवढ्या लांब निघताना भांडण नको.

१५ मार्च, शुक्रवार. मुंबई

आमचं विमान बुधवारी रात्रीच गेलं.

काल रात्री विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, रात्री बाराला तारीख बदलते." हे तिकीट उलटसुलट करून बघत राहिले. साडेबारा हजार किलोमीटर पाठ, आणि तारीख चुकली! आधारासाठी त्यांनी हात पुढे केले. मला दिसत होतं, तरी मी धरले नाहीत.

आज रात्रीच्या विमानात एकच जागा मिळाली. तिकिटावर शनिवार आहे, तीनदा विचारून घेतलं. "तू जा," म्हणाले.

विमानतळावर शिरताना जावयाचा फोन — कळा सुरू झाल्या. आता सोळा तास फोन बंद.

विमानात

पडद्यावर छोटंसं विमान आहे, ते हलतच नाही. ह्यांच्यावरचा राग धरून बसलेय. तो सोडला की भीती वाटते.

१६ मार्च, शनिवार. न्यूअर्क

जावयाचा मित्र न्यायला आला. "काकू, थेट हॉस्पिटलमध्ये जाऊ." पुढं त्यालाही काही माहीत नव्हतं. की सांगत नव्हता?

तो लांबलचक व्हरांडा. आणि दाराच्या आतून रडणं ऐकू आलं, चांगलं ठणठणीत. मुलगी झाली. मी पोहोचायच्या आधीच. ऋजुतानं माझा हात धरला तो सोडलाच नाही.

१७ मार्च

ह्यांचा फोन. पत्रिकेसाठी जन्मवेळ हवी. म्हटलं, रात्री सव्वाबारा. शुक्रवार धरायचा का शनिवार? पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "शनिवार धर. बाराला बदलतो म्हणे."