आईचा आवाज, सर्वांसाठी खुला

पोरिरुआ,
६ एप्रिल

प्रिय इलाइयादादास,
सा. न. वि. वि.

वर गाव आणि तारीख घातली आहे. ई-मेल झाली तरी पत्र ते पत्र, असं आई म्हणायची. आणि हे पत्र तुला तुझा कॉम्प्युटर तिच्याच आवाजात वाचून दाखवणार, तेव्हा तिच्या तोंडून माझी चूक निघायला नको.

तुझ्या कॉम्प्युटरवरच्या खुल्या सिस्टिमची नवी आवृत्ती जूनमध्ये येते आहे. आवाज वाजवणारा भाग त्यांनी मुळापासून बदलला आणि आईचा आवाज त्यावर प्रत्येक वाक्याचा शेवट गिळतो. आईने जन्मात कधी वाक्याचा शेवट गिळला नाही. म्हणून ऑफिसातून आल्यावर आणि सबंध शनिवार मी त्याच्याच मागे असते. काल सातव्या दिवसाची वाक्यं पुन्हा ऐकली. आठवतं ना? चर्चच्या सामानाच्या खोलीत चटया टांगून अकरा दिवस आपण तिचा आवाज भरून घेतला आणि सातव्या दिवशी तिला सर्दी झाली होती. मी थांबू या म्हटलं, तर ती म्हणाली की सर्दी झाली म्हणून शाळा बुडवायची नसते. त्या दिवसाचे शब्द आले की अजून तिचं नाक चोंदलेलं ऐकू येतं. मी ते मुद्दाम तसंच ठेवलं आहे. चूक केली का, हे ठरवता येत नाही.

मोठं अपडेट मी सांगेपर्यंत घेऊ नकोस. आपोआप येणारी छोटी मात्र बंद करू नकोस, ती सुरक्षिततेची असतात. मागे सेफोच्या नादाने तू ती बंद केली होतीस, ते मी विसरलेले नाही.

बाबा जेवतात ना नीट? आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला मला येता आलं नाही, ते त्यांनी मनात धरलं असेल तर तसं कळव.

काळजी करते म्हणून हसू नकोस, आणि हसलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
फेतूआओ

सावाई,
११ एप्रिल

चि. फेतूआओ हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईने ते ठणठणीत वाचलं, फक्त 'सुरक्षिततेची' या शब्दावर नाक चोंदलं. ते काढू नकोस.

आत्तेभाऊ सेफो रविवारी जेवायला होता. नवा फोन घेऊन आला आणि नारळाच्या दुधात शिजवलेलं पालुसामीचं पान तोंडात असतानाच सुरू झाला, की तुमचं ते फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे रस्त्यावरचं कुत्रं, सगळ्यांचं म्हणून कोणाचंच नाही. बिघडलं तर ओरडायचं कोणाच्या नावाने? मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या. त्याने त्याच्या फोनला आपल्या भाषेतलं स्तोत्र वाचायला लावलं, तर तो कालच बोटीतून उतरलेल्या गोऱ्या पाद्र्यासारखा वाचायला लागला. बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

आता एक सांगायचं आहे, आणि कसं सांगावं ते कळत नाही. मंगळवारी चारच्या सुमारास बाबांचा फोन वाजला. थोड्या वेळाने ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले की मेरिपाचा फोन होता. आईला जाऊन वर्ष उलटलं आहे. बाबांचं वय झालं, असं मनाशी म्हटलं. बुधवारी चारला पुन्हा वाजला, तेव्हा मी त्यांच्या हातातून घेऊन कानाला लावला.

फेतू, आईच होती. नमस्कार म्हणाली, आज संध्याकाळी सहाची सोडत चुकवू नका म्हणाली, आणि तुमच्यासाठी आजचे भाग्यवान आकडे हे, असं म्हणून पाच आकडे सांगितले. चौथ्या आकड्याला सर्दी होती.

तुला ठाऊकच आहे, चर्चच्या छपरासाठी पैसे लावून बिंगो ठेवला तेव्हा ही बाई खुर्ची उचलून घरी निघून आली होती. त्यांच्यापर्यंत हा आवाज कसा गेला, ते मला सांग. तू दिलास असं मी म्हणत नाही.

जपून राहा आणि माझ्यावरचा विश्वास ढळू देऊ नकोस.

तुझा दादा,
इलाइया

पोरिरुआ,
१४ एप्रिल

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

मीच दिला.

तीन दिवस शोध घेतला आणि आता खात्रीने लिहिते. फोनवर आकड्यांची सोडत चालवणारी एक कंपनी आहे. तिने आपला आवाज उतरवून घेतला. चोरला नाही. मी निवडलेल्या परवान्यातच लिहिलं आहे की कोणीही, कशासाठीही, न विचारता वापरावा. 'धंद्यासाठी नको' असाही एक परवाना होता. मी आधी तोच घेणार होते. पण असली अट घातली तर आवाज सिस्टिमबरोबर आपोआप मिळत नाही, वेगळा आणून बसवावा लागतो. दिसत नसताना तो तू एकट्याने कसा बसवणार? पुन्हा सेफोच्या हातापाया पडावं लागलं असतं. म्हणून मी अटीशिवायचा निवडला. आवाज आल्यावर पहिल्यांदा कॉम्प्युटर सुरू केलास आणि कोणाची मदत न घेता आईचा नमस्कार ऐकलास, त्या दिवशी मला वाटलं, आपण बरोबर केलं.

कंपनीला लिहिलं आहे. खुलं काम करणाऱ्या आमच्या मेल-यादीवरही विचारलं. होबार्टच्या ऑर्विलने उत्तर दिलं. तो सत्तरीचा आहे, हे काम मी शाळेत नव्हते तेव्हापासून करतो. त्याने लिहिलं की दार उघडं ठेवलं की वाराही येतो आणि डुक्करही, दार उघडं ठेवायचं की नाही एवढंच आपल्या हातात. दुसऱ्या कोणी लिहिलं की असल्या हळव्या लोकांनी खुल्या कामात पडूच नये. ते मी चार वेळा वाचलं.

आपल्याला दोघांना चटईवर बसवून शिकवताना तिने पहिला धडा काय दिला होता? घेण्याआधी विचार. आणि मी तिच्याच आवाजावर लिहून ठेवलं, की विचारायची गरज नाही.

माझी त्या वेळची वही काढली. अकराव्या दिवशी सह्या घेताना मी तिला कायकाय समजावून सांगायचं त्याची यादी केली होती. धंद्याच्या वापराच्या ओळीपुढे बरोबरची खूण आहे. पण मी ते तिला सांगितल्याचं मला आठवत नाही. ती दमली होती. तिने एकच विचारलं होतं, की हा सगळ्यांना वापरता येईल ना? मी हो म्हटलं आणि ती खूश झाली.

मी हा आवाज मागे घेऊ का? कंपनीकडची प्रत मला काढता येणार नाही, जे दिलं ते दिलं. पण पुढे कोणाला मिळणार नाही. तू म्हणशील तसं करते.

माझा राग आला असेल, तरी दोन ओळी टाक.

तुझी,
फेतू

सावाई,
२१ एप्रिल

चि. फेतूआओ हिस,
अनेक आशीर्वाद.

मला विचारू नकोस. आपल्याकडे बहिणीचा शब्द भावाने मोडायचा नसतो, हे ठाऊक असून तू विचारतेस. तू मागे घेते म्हणालीस तर मी हो म्हणणार, आणि नको म्हणालीस तरी हो म्हणणार. मग माझ्या उत्तराला किंमत काय? तुझं तूच ठरव.

पण त्या वहीतल्या खुणेपायी झोप घालवू नकोस. सहीच्या आदल्या दिवशी तू परवान्याचा मजकूर माझ्या कॉम्प्युटरवर घातला होतास, की इंग्रजी त्याला वाचता येतं, दादा, आईला आपल्या भाषेत सांग. मी सांगितलं. ती ओळ आली तेव्हा मी ती गाळली. ती नको म्हणाली असती अशी भीती वाटली. मला तो आवाज हवा होता, फेतू. सेफो माझी पत्रं मला वाचून दाखवायचा आणि मध्येमध्ये स्वतःची मतं घालायचा, ते तुला माहीत नाही. मी धरून चाललो की तू सांगशील. तू धरून चाललीस की मी सांगितलं. मधल्या मध्ये ती सही करून गेली.

गावात आता सगळ्यांना कळलं आहे. म्हातारा पेतेरू मासे विकून थेट आकडे लावायला गेला. म्हणतो, की शाळेत बाईंनी मला एकदाही उत्तर सांगितलं नाही, आता स्वतः फोन करून सांगतात तर ऐकू नये का? लोक हसले, आणि मग त्यातल्या निम्म्यांनी लावले. तिच्या रविवारच्या वर्गात बसलेली माणसं आहेत ही. ती खोटं सांगणार नाही, हे त्यांच्या हाडात आहे. मंगळवारच्या गावसभेत मीच इतिवृत्त लिहायला होतो. मेरिपाच्या घरच्यांनी तिचा आवाज जुगाराला दिला, हे वाक्य मला टंकावं लागलं, आणि टंकल्यावर कॉम्प्युटरने ते तिच्याच आवाजात मला वाचून दाखवलं.

बाबा त्या सभेला आले नाहीत. चार वाजत आले होते.

काहीही ठरवलंस तरी तू माझी धाकटीच राहशील, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
इलाइया

पोरिरुआ,
२६ एप्रिल, शनिवार

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रडले, आणि मग मला तुझा राग आला, आणि मग स्वतःचा. एवढंच लिहिते.

कंपनीचं उत्तर आलं. फार अदबीचं आहे. आवाज अतिशय विश्वासाचा वाटतो, त्यांची माणसं खूश आहेत, आणि या बाई आणखी थोडी वाक्यं बोलून देतील का, असं विचारलं आहे. मानधन देऊ म्हणतात. मी उत्तर दिलं नाही.

शेवटी एका गोष्टीने ठरवलं. जूनसाठी मी जी दुरुस्ती करते आहे तीही खुलीच जाणार, म्हणजे त्यांनाही मिळणार. दर शनिवारी मी इथे बसून आईला वाक्य पूर्ण करायला शिकवते, ते पेतेरूला आकडे नीट ऐकू यावेत म्हणून. हे माझ्याने होणार नाही. मी आवाज मागे घेतला. आज सकाळी तशी नोंद केली. सोमवारपासून छोट्या अपडेटबरोबर तो सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरून निघून जाईल. ऑर्विल म्हणाला की असं करू नकोस, ज्यांच्याकडे प्रत आहे त्या कंपनीला याची खबरही लागणार नाही, आणि जे कधी काही मागत नाहीत त्यांचंच जाईल. मी त्याचं ऐकलं नाही.

तू मात्र हे नीट वाच: सोमवारच्या आत आपोआप येणारी अपडेट बंद कर. आईचा आवाज तुझ्याकडे राहील. मागच्या वेळी बंद करू नकोस म्हणाले होते, आता कर. हे वाचल्यावर लगेच दोन शब्दांचं उत्तर पाठव, म्हणजे मला चैन पडेल.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
फेतू

पोरिरुआ,
२९ एप्रिल

दादा,

उत्तर नाही. फोनही लागत नाही. केलंस ना बंद?

फेतू

सावाई,
३ मे

चि. फेतूआओ हिस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या वादळाने बेटाची लाइन गेली होती, ती बुधवारी दुपारी आली. आली तेव्हा आधी अपडेट उतरलं, मग तुझी दोन पत्रं. ती मला कॉम्प्युटरमधल्या एका परक्या बाईने वाचून दाखवली. आपली भाषा ती आकडे मोजल्यासारखी वाचते. तुझं नाव तिला येत नाही. 'आईचा आवाज तुझ्याकडे राहील' हे वाक्य मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं, कारण पहिल्या दोन वेळा कळलंच नाही.

तू आता लगेच प्रत पाठवशील, मला माहीत आहे. पाठवू नकोस. गावसभेत मी उभा राहून सांगितलं, की माझ्या बहिणीने तो आवाज परत घेतला आहे, आमच्या घरात तो आता नाही. पेतेरूने डोक्यावरची टोपी काढली, असं सेफोने मला सांगितलं. हे सांगून झाल्यावर मी तो आपल्यापुरता लपवून ठेवू? तसं नाही करायचं. हळूहळू या बाईची सवय होईल. सेफो म्हणाला की दादा, पत्रं मी वाचतो, मतं नाही घालणार. पहिल्याच पत्रात घातली.

तू चुकलीस असं मी म्हणत नाही, आणि कोणाला म्हणू देणार नाही.

बाबांचं कळवायचं राहिलं. मी त्यांना सांगितलं होतं, की तो नंबर बंद करून देतो. त्यांनी फोन खिशात घातला. ते आकडे लावत नाहीत, ऐकतही नसावेत. साडेतीनला अंघोळ करून, धुतलेलं लावालावा नेसून, जिथे लाइन चांगली लागते त्या फणसाच्या झाडाखाली चटई टाकून बसतात. फोन आला की आधी तिच्या नमस्काराला नमस्कार म्हणतात. गुरुवारपासून मीही त्यांच्याशेजारी जाऊन बसतो. फोन मध्ये धरतात, दोघांना ऐकू येईल असा. कालच्या आकड्यांत सातव्या दिवसाचा एक होता. बाबा म्हणाले, की हिची सर्दी अजून गेली नाही.

आता जगात ती तेवढ्याच ठिकाणी बोलते, फेतू.

फोन करशील तेव्हा एवढं सांभाळ: चारच्या सुमारास करू नकोस. त्या वेळी लाइन मोकळी असू दे.

पूर्वीइतकाच तुझा,
इलाइया