राळेची वडी

३ मार्च, सकाळी
आजपासून व्हायोलिन. २४ तारखेला ताईला साठ पूर्ण होतायत. त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर एक अख्खी धून वाजवणार. ताईचं माझ्याबद्दल लहानपणापासून एकच मत: हा कुठलीच गोष्ट तडीस नेत नाही. चित्रकला, जर्मन, पोहणं, मी सोडलेलं सगळं तिला तोंडपाठ आहे. यंदा तिला गप्प करणार. रोज दोन तास सराव.

व्हायोलिन ऑनलाइन मागवलं, आलं. देखणं आहे. बो, म्हणजे गज, तारांवर ओढला, आवाजच नाही. व्हिडिओतला गुरू म्हणतो, नव्या बोच्या केसांना राळ चोळावी लागते, नाहीतर तो तारांवरून नुसता घसरतो. राळेची वडी सोबत यायला हवी होती. आली नाही. किरकोळ बाब. एका फोनचं काम.

३ मार्च, दुपारी
चाळीस मिनिटं फोनवर बासरी ऐकली. मग कस्टमर केअरच्या बाई आल्या. फार गोड बोलल्या. तक्रार क्रमांक दिला. माणसं चांगली आहेत.

६ मार्च
पार्सल आलं. आत गिटार छेडायच्या प्लास्टिकच्या चकत्या. बारा. फोन केला. बाईंनी फोटो मागितला, लगेच पाठवला. उत्तर: फोटोतली वस्तू सुस्थितीत दिसत असल्याने तक्रार बंद करत आहोत.

सराव मात्र चालू. आवाज नसला म्हणून काय झालं, बोटं तर चालतात. आरशासमोर एक तास. उभं राहण्याची ढब उत्तम जमलीय.

१० मार्च
दुसरं पार्सल. पुन्हा चकत्या, या वेळी दुप्पट. सोबत दिलगिरीचं कार्ड. बायको त्यातल्या एकीने शेगडी खरवडते. छान निघतं म्हणे.

बाजारात वाद्यांचं दुकान आहे, तिथे राळ मिळते असं ती सुचवून बसली. मिळत असेल. पण प्रश्न आता तत्त्वाचा आहे.

तरी तिचं कौतुक करायला हवं. मी सराव करतो तेव्हा शेजारी बसून शब्दकोडं सोडवते. सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याच छंदाजवळ इतका वेळ बसली नव्हती. आज म्हणाली, असंच वाजवत जा. मला भरून आलं.

१३ मार्च
आमच्या सेवेला किती तारे द्याल, असा मेसेज. एक दिला. पाच मिनिटांत बाईंचा फोन, माझं काही चुकलं का सर म्हणून. आवाज इतका पडलेला की मी पाच करून टाकले. खरं तर आज खडसावणार होतो. उद्या नक्की.

१७ मार्च
धून बसली. सलग तीनदा, कुठेही न अडखळता. एक सूर चुकला नाही. ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बघू. जळते.

बाईंना अखेर खडसावलं. त्यांनी वरिष्ठांकडे फोन जोडून दिला. वरिष्ठ म्हणजे बासरी. अर्धा तास.

२२ मार्च
राळ आली.

सायंकाळी ५
चोळली. बो ओढला. खालच्या मजल्यावरचे काका वर आले, पाण्याची मोटर बिघडली का विचारत. बायको शब्दकोडं घेऊन गच्चीत गेली. अजून आलेली नाही.

निष्कर्ष स्पष्ट आहे. राळ सदोष पाठवलीय. तीच धून, तीच बोटं. पाच दिवसांपूर्वी निर्दोष वाजत होती.

२३ मार्च
बाईंना सांगितलं, राळ बदलून द्या. त्या म्हणाल्या, प्रॉब्लेम ऐकवू शकाल का? फोन टेबलावर ठेवून पहिली ओळ वाजवली. मग फोटो नाही, क्रमांक नाही, वरिष्ठ नाहीत. राळ, चकत्या, व्हायोलिन, सगळंच परत घेतो म्हणाल्या. "उद्याच माणूस पाठवू का, सर?"

वीस दिवसांत पहिल्यांदाच एवढी तत्परता. उद्या कार्यक्रम आहे, परवा नऊला पाठवा म्हटलं. व्हायोलिन द्यायचं की नाही ते तेव्हा बघू. उद्यानंतर लोक आग्रह करतील, मग देता येणार नाही.

२५ मार्च, सकाळी
काल वाजवलं. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. मध्ये चार-पाच जण पाणी प्यायला उठले, ते परत आले नाहीत. बायको खाली बघत होती. मी थांबलो नाही.

संपलं तेव्हा ताई डोळे पुसत होती. वाटलं, जिंकलो. तिने मला जवळ घेतलं आणि कानाशी म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट तडीस नेलीस रे. खूप बरं वाटलं. आता सोडून दे."

कुरिअरवाला आठलाच आला. बायकोने पेटी आधीच बांधून दाराशी ठेवली होती.