दुसरी काचपेटी

४ मार्च

चि. सूनबाई हिस अ. उ. आ.

आज नऊला दुकान उघडलं. सहा जणांचे डोळे तपासले, तीन चष्म्यांना काचा बसवल्या. दुपारी भागीदार बँकेत गेला तेव्हा तासभर नुसता बसून होतो. सहाला घरी आलो, मफलर आणि नाडी, दोन्ही सापांचं पाणी बदललं. एवढाच दिवस.

लेकाला जाऊन काल चार महिने झाले. तारीख तुलाही आठवली असेलच, म्हणून जास्त लिहीत नाही. कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत तू रुजू झालीस त्यालाही सहा आठवडे झाले. हॉस्टेलच्या खोलीची खिडकी उघडत नाही असं लिहिलं होतंस. कोणाला सांगून करून घे. तू सांगणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून लिहितो.

त्याच्या सापांची काळजी नको. तू चार कागद भरून दिलेल्या सूचना फ्रिजवर चिकटवल्या आहेत. दर रविवारी उंदीर बर्फाच्या कप्प्यातून काढतो, कोमट पाण्यात ठेवतो, लांब चिमट्याने देतो. परवा भागीदार घरी आला होता. सरबतासाठी बर्फ काढायला गेला आणि तसाच परत आला. तेव्हापासून तो आपल्याकडे पाणीसुद्धा पीत नाही.

फक्त एक बदल केला आहे. दोघांना एकाच पेटीत ठेवलं. दोन पेट्या शेजारी शेजारी आणि दोघं आपापल्या काचेआड, हे मला रोज संध्याकाळी बघवेना. आता एकमेकांवर वेटोळं घालून झोपतात. बघून बरं वाटतं. दुसरी पेटी माळ्यावर टाकली.

तुझी खोली दर आठवड्याला झाडून घेतो. जुलैत तुझे सहा महिने संपतील तेव्हा तयार असेल.

जेवत जा. लोभ आहे तो असाच राहू दे.

बाबा


१० मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. खिडकी उघडली. तुम्ही लिहिलंत म्हणून सांगितलं, नाहीतर खरंच सांगितलं नसतं.

बाबा, तो बदल मात्र नको होता. एकदा पेट्या धुताना मी दोघांना पाच मिनिटं एका बादलीत ठेवलं होतं, तर तुमच्या मुलाने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. सापाला सापाची सोबत नकोच असते, असं तो सांगायचा. मलाही ते पटायचं नाही. तरी तो दोघांना कधी एकत्र ठेवत नसे. शिवाय नाडी अजून लहान आहे. एकत्र राहिले आणि अंडी झाली तर तिच्या जिवावर बेतेल. ते सूचनांत लिहायचं राहिलं, कारण तुम्ही असं काही कराल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही त्या दोघांकडे वळूनसुद्धा बघत नव्हतात!

कृपा करून पेटी खाली काढा. माळ्यावर एकटे चढू नका, भागीदारकाकांना बोलवा. फ्रिज उघडावा लागणार नाही असं आधी सांगा.

इथे काम बरं आहे. दिवसभर कागदाचे तुकडे ओढून फाडते आणि किती जोर लागला ते लिहून ठेवते. संध्याकाळी बोलायला कोणी नसतं, पण त्याचंही काही वाटत नाही.

तब्येतीला जपा. आशीर्वाद असू द्या.

तुमची सून


१७ मार्च

चि. सूनबाई हिस अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. पेटी अजून काढलेली नाही.

तुझं म्हणणं खरं असेल, पण तू त्यांना पाहिलेलं नाहीस. नाडी स्वतःहून मफलरच्या अंगाखाली शिरते. तिला नको असतं तर पेटीला दुसरे तीन कोपरे आहेत. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, हेही खरं. तो असताना त्या खोलीत मी कधी दहा मिनिटं बसलो नाही. तो बोलवायचा. मी म्हणायचो, येतो, हात धुऊन येतो. आता रोज तासभर बसतो.

एक काळजी आहे. नाडीने दोन रविवार काही खाल्लं नाही. तिच्या वाटचा उंदीरही मफलरने उचलला. आणि तिच्या दोन्ही डोळ्यांवर दुधी पडदा आला आहे. तीस वर्षं लोकांचे डोळे बघतो आहे, हा मोतीबिंदू आहे. इतक्या लहान वयात कसा, कळत नाही. सापांचा मोतीबिंदू काढतात का, तुझ्या प्रयोगशाळेत कोणाला विचारून बघ.

तुझ्या सासूबाई गेल्यानंतर या घरात आम्ही दोघंच होतो, आणि आम्ही फार बोलायचो असंही नाही. पण पलीकडच्या खोलीत माणूस आहे हे कळायचं. तेवढंच पुरतं.

अलीकडे लवकर दमतो. बाकी ठीक. पत्र पाठवत राहा, आठवण असू दे.

बाबा


२३ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तो मोतीबिंदू नाही. साप कात टाकायच्या आधी त्यांचे डोळे असे होतात. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. तुमचं पत्र वाचून मी मोठ्याने हसले, चार महिन्यांत पहिल्यांदा. मग शेजारच्या खोलीतलीने दार वाजवून काय झालं विचारलं, तर मला रडू यायला लागलं. असो.

कात एकसंध निघते की तुकड्यांत, ते बघा. ओल्या शेवाळ्याचा डबा तिला मिळालाच पाहिजे. आणि पेटी काढा. हात जोडून सांगते.

दुसरं लिहू की नको करत आठ दिवस गेले. कारखाना मला कायम करतो आहे. राहायला क्वार्टर देतात, दोन खोल्या, चौथा मजला, खिडकीतून लगद्याचा वास येतो. एप्रिलअखेर होय-नाही कळवायचं आहे. बाबा, तुमच्याकडे त्या खोलीत मला झोप लागत नव्हती. तुम्हाला सांगितलं नव्हतं. इथे लागते. पण तुम्ही एकटे आहात, आणि मी जुलैत येते असं सांगून निघाले होते. तुम्ही ये म्हणालात तर येईन. तोंडदेखलं लिहीत नाही.

चुकलं असेल तर पदरात घ्या.

तुमची सून


३ एप्रिल

चि. सूनबाई हिस अ. उ. आ.

नाडीची कात तुकड्यातुकड्यांत निघाली. भिंग लावून पाहिलं. उजवा डोळा स्वच्छ, डाव्यावर जुना खवला तसाच. माझ्याकडे बारीक चिमटा आहे आणि हात अजून थरथरत नाही. काढायला बसलोही होतो. पण तिने डोकं मागे घेतलं आणि मी थांबलो.

काल दुकान बंद ठेवून तिला उशीच्या अभ्र्यात घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाकावर शेजारी मांजर घेतलेल्या एक बाई होत्या. अभ्र्यात काय आहे विचारलं, मी सांगितलं. मग अख्खा बाक मला एकट्याला मिळाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, चिमटा लावला असतात तर डोळा गेला असता. मी पेटीतलं सगळं सांगितलं. त्यावर म्हणाल्या, ते प्रेमाने बिलगलेले नाहीत. उबेची जागा एकच, ओल्या डब्याची जागा एकच, आणि दोन्हीवर मोठा बसलेला. ती त्याच्याखालून आपली जागा शोधत होती. पोटात अंडी नाहीत, हेही त्यांनी तपासून सांगितलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आलो तो माळ्यावर चढलो. हो, एकटाच. पेटी धुतली, खाली उबेची गादी लावली, ओला डबा ठेवला, नाडीला त्यात सोडलं. ती डब्यात शिरली ती अजून बाहेर आलेली नाही. डोळा सुटतो का, ते आठ-दहा दिवसांत कळेल म्हणतात.

क्वार्टरचं वाचलं. आज उत्तर लिहिण्याइतकं त्राण नाही. रागावलेलो नाही, एवढं कळवतो.

बाबा


१३ एप्रिल

चि. सूनबाई हिस अ. उ. आ.

आज सकाळी ओल्या डब्यात तो खवला मिळाला. दोन्ही डोळे स्वच्छ आहेत. खवला चष्म्याच्या काचा येतात तसल्या कागदी पुडीत घालून सोबत पाठवत आहे, पुडी अलगद उघड. मी आयुष्यभर काचा घासल्या, पण इतकी पातळ आणि बिनओरखड्याची मला कधी जमली नाही.

क्वार्टरला हो कळव. उशीर करू नकोस.

तुझ्यापासून लपवून ठेवावं असं एक होतं, पण सांगतो. तुझं ते पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं होतं. त्यात एकच ओळ होती, ये. पाकिटाला तिकीटही लावलं होतं. मग नाडीच्या डोळ्याच्या धांदलीत टाकायचं राहिलं, आणि तिला वेगळं केल्यावर ते पाकीट मला टाकता आलं नाही. तिकीट सोडवून या पाकिटाला लावलं आहे.

तुला त्या खोलीत झोप लागत नव्हती, हे मला कळायला हवं होतं. दाराच्या फटीतून दिवा दिसायचा. मला वाटायचं वाचत असशील. दिवा दिसला की मला मात्र झोप लागायची.

नाडीची पेटी मी त्या खोलीतच ठेवली आहे. तिथे वर्दळ नाही. क्वार्टरमध्ये साप चालतो का विचार. चालत असेल तर स्थिरस्थावर झाल्यावर येऊन तिला घेऊन जा. दोन दिवस राहा, हवं तर बाहेरच्या खोलीत झोप. मफलरला माझ्या खोलीत आणलं आहे, तो माझ्याकडे राहील. आम्हाला एकमेकांची सवय झाली आहे, निदान मला तरी.

नव्या घरात पडदे जाड लाव. माझ्याकडून काही कमी-जास्त झालं ते विसर, लोभ मात्र विसरू नकोस.

बाबा

ता. क. आज रविवार. पुडी बांधून झाल्यावर नाडीला उंदीर दिला, तिने घेतला. मग पाण्याच्या दोन्ही वाट्या धुतल्या, भरल्या, आणि एक या खोलीत, एक त्या खोलीत नेऊन ठेवली.