गोळ्या बंद केल्यावर

९ जानेवारी २०२४, तेल्हारा
हिमोग्लोबिन पुन्हा ६.४. ऑक्टोबरात अकोल्याला दोन पिशव्या रक्त चढवलं होतं. ते गेलं कुठं? तेव्हाच्या दुर्बिणीत 'जठराला सूज' निघाली. तेव्हापासून एक गोळी ॲसिडिटीची, एक लोहाची. फाटकापर्यंत गेलो तरी दम लागतो.

१० जानेवारी
डॉक्टरांनी विचारलं, शौचाला काळं होतं का? म्हटलं, होतं. "लोहाच्या गोळीनं होतंच." विषय संपला.

१२ जानेवारी
तीस वर्षं कृषी सहायक होतो. शेतकऱ्यांना सांगायचो — दोन औषधं एकदम फवारली तर पानं कशानं करपली ते कळत नाही, एक बंद करून पाहा. आजपासून लोहाची गोळी बंद. कुणाला सांगितलं नाही.

१५ जानेवारी
चंदानं गोळ्यांचं पाकीट पाहिलं. "कावून बंद केल्या? मराचं हाय का तुमाले?" चाळीस वर्षांच्या संसारानंतरही बायकोपुढं शौचाचा रंग काढायची लाज वाटली. पण सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. "परवालोक पाहा. मंग मी सोता तोंडात घालतो."

१७ जानेवारी
सहावा दिवस. तरीही काळं — डांबरासारखं, चिकट. म्हणजे गोळी नव्हे. रक्तच.

१८ जानेवारी
किशोरला फोन केला. तो अमरावतीला असतो. "बाबा, तुमी काय डॉक्टर हा का?" अन् फोन ठेवला. संध्याकाळी त्याचाच फोन — पोटाच्या डॉक्टरकडे नंबर लावला, सोमवारी या.

२२ जानेवारी, अमरावती
डॉ. मैथिली मॅडम. माझ्या लेकीच्या वयाच्या. मी तारखा अन् रंग कागदावर मांडून नेले होते, ते पूर्ण वाचले. "गोळी अशी मनानं बंद करायची नसते, काका." मग म्हणाल्या, "पण यामुळं कळलं."

घशात फवारा, मग दुर्बीण. ओकाऱ्या, डोळ्यांना पाणी. नंतर पडद्यावर फोटो दाखवले. जठराच्या शेवटच्या भागात लाल पट्टे, सगळे आतड्याच्या तोंडाकडे निघालेले. "टरबुजाच्या सालीवर असतात ना, तसे. पाहताना सूज वाटते. या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या आहेत. रोज थोडं थोडं रक्त झिरपतं."

दारू? कधीच नाही. लिव्हर, किडनी तपासल्या, दोन्ही बऱ्या. कारण काय मग? "कधीकधी सापडत नाही. उपाय मात्र आहे."

टरबुजाचे प्लॉट नोकरीत पुष्कळ पाहिले. हा एक राहिला होता.

२४ जानेवारी
आधी एक पिशवी रक्त. मग दुर्बिणीतून बारीक नळी घालून, वायू अन् विजेच्या ठिणगीनं पट्टे वरवर डागले. मी गुंगीत होतो. दिवसभर पोटात जळजळ. महिन्याच्या अंतरानं अजून दोनदा करायचं. शौचाचा रंग कळावा म्हणून तोवर लोह गोळीनं नाही, सलाईनमधून. भीती वाटते, पण कमी.

२६ फेब्रुवारी
दुसरी खेप. ८.७. शौच पिवळं! या वयात या गोष्टीचा आनंद.

१ एप्रिल
तिसरी खेप. हिमोग्लोबिन १०.६, रक्त न चढवता. मॅडमनी पडद्यावर दाखवलं — पट्टे गेले, दोन-चार ठिपके उरले होते, तेही डागले. आता तीन महिन्यांनी यायचं. लोहाची गोळी आजपासून पुन्हा सुरू करायची. या वेळी ती मी मुकाट्यानं घेणार.

किशोरच्या कॉलनीत उद्या रक्तदान शिबिर आहे. चंदा म्हणाली, "लोकायचं रक्त तुमाले चढलं. मले बी द्याचं हाय."

२ एप्रिल
शिबिरातल्या मुलीनं चंदाचं बोट टोचलं. आकडा पाहिला अन् दुसरं बोट टोचलं. "काकू, तुमचं नाही घेता येत. ५.८ आहे. चक्कर येत नाही का तुम्हाला?"

"येते ना," चंदा म्हणाली. "दोन वर्सं झाले."